बाहेर बसवा त्याला

गेल्या हंगामातली गोष्ट. चारची फुटबॉलची मॅच हरून आम्ही कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसलो होतो. जिंकल्यावर कट्टा ओस असतो, कारण पोरं हलगी-घुमकं घेऊन पेठेत फिरत असतात. हरल्यावर मात्र टेकायला जागा मिळत नाही. शेवटची दहा मिनिटं बरोबरी टिकवायची, एवढंच काम होतं. आमच्या राइट बॅकच्या पायात बॉल आला. तो सरळ बाहेर तटवायचा, शेंगदाणेवाल्याच्या पाटीत पडला तरी चालेल. पण पोरगं बॉल घेऊन आत वळलं. समोरच्यानं पाय घातला, बॉल काढून घेतला, दोन ढांगा टाकल्या आणि गोल. मग कट्ट्यावर त्या एका वळण्याची चिरफाड सुरू झाली. तिथं वळतंय का कोण, बॅक हाय का बॅले डान्सर, डोळं मिटून खेळायलंय. त्यात एक गृहस्थ होते, नोकरीनिमित्त बरीच वर्षं पुण्यात राहून परत आलेले. त्यांना पेठेतली नवी पोरं चेहऱ्यानं ओळखू येत नाहीत. ते मोठ्यानं म्हणाले, "कुणाचं पोरगं हाय रे ते? घरात खायला घालत न्हाईत व्हय त्याला?"

कट्टा गप्प झाला. कारण ज्याचं पोरगं, तो माणूस टोकाला बसून बशीत चहा ओतत होता.

त्यांना सगळे मामा म्हणतात. उद्यमनगरात लेथवर काम करतात, बोटांच्या पेरांत कायम काळं तेल. त्यांनी बशी तोंडाला लावली, सगळा चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली आणि म्हणाले, "बरोबर बोलायलाय त्यो. बाहेर बसवा त्याला. वळायची खोड हाय त्याला." मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "पुढची मॅच कुणाबरोबर हाय आपली?" कुणीतरी संघाचं नाव सांगितलं, कुणीतरी त्यांच्या सेंटर फॉरवर्डला शिवी दिली आणि गाडी रुळावर आली. मी मात्र घरी जाताना, जेवताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाइल उघडून बसलो असतानाही त्या 'बाहेर बसवा'मध्येच अडकून राहिलो. तालमीचा जुना माणूस बोलला, की बाप बोलला? की चारचौघांत पोराची अब्रू जाण्याआधी बापानंच ती काढून घेतली?

आमच्या तालमीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर कोल्हापूरचे निम्मे वाचक इथंच वाचायचं थांबवतील आणि उरलेले निम्मे पुढचं सगळं खरं मानतील. दोन्ही बरं नव्हे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा, जुना बुधवार, फुलेवाडी, यातलं तुम्हाला सोसेल ते नाव घाला. कट्टा सगळीकडं सारखाच आहे. एक आण्णा असतात, ज्यांच्या मते शेवटचा खरा सेंटर फॉरवर्ड त्यांच्या वर्गात होता. मधल्या वयाची पाच-सहा माणसं असतात. वर्गणी, जर्सी, खेळाडूंची दुखणीखुपणी, पोलिसांची परवानगी हे सगळं तीच बघतात आणि म्हणून आपल्याला बोलायचा जास्त अधिकार आहे असं त्यांना वाटतं. आणि मग पोरं, ज्यांच्या मोबाईलमध्ये गोलची क्लिप आपण स्टेडियमच्या बाहेर पडायच्या आत आलेली असते. मी आता पेठेत राहत नाही, लांब उपनगरात फ्लॅट घेतलाय. पण संध्याकाळी दुचाकी आपोआप इकडंच वळते, आणि बायको विचारते तेव्हा मी 'जरा काम होतं' असं सांगतो, तिलाही ते काम माहीत असतं.

खेळाडूंबद्दल बोलणं हे आमचं काम. गोलकीपर उंच आहे पण खाली वाकत नाही. स्टॉपर दमदार, पण पहिल्या अर्ध्या तासात पिवळं कार्ड घेतो आणि मग उरलेली मॅच भीत भीत खेळतो. लेफ्ट आउटला वारा आहे, डोकं नाही. आठ नंबरला डोकं आहे, पण गेल्या वर्षी लग्न झालं आणि आता तो सत्तराव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा राहतो, त्यावर जे विनोद होतात ते इथं लिहिता येत नाहीत. गंमत अशी, की गॅलरीत उन्हात बसून आम्ही जे ओरडतो आणि कट्ट्यावर बसून जे बोलतो त्यात फरक असतो. गॅलरीत माणूस हजारांत मिसळलेला असतो, तिथं तोंडाला लगाम नसतो. कट्ट्यावर बोलताना डोळे रस्त्यावर ठेवावे लागतात. आठ नंबर कुठल्याही क्षणी दुधाची पिशवी घेऊन समोरून येऊ शकतो. तो आला की आवाज उतरतो, "ये की भावा, च्या घे," आणि पुढं, "आज जरा कमनशीब झालं बघ." तो चहा घेतो. त्याला सगळं कळलेलं असतं. लहानपणी तोही याच कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत होता, कुणाकुणाला कशा शिव्या पडतात ते.

आमच्या तालमीत कुस्तीचा हौदा अजून आहे. तांबडी माती आहे, पण ती आता कोण उकरत नाही, एका कोपऱ्यात बॉलची जाळी टाकलेली असते आणि मारुतीच्या तसबिरीखालच्या फळीवर चषक, त्यांच्या दांड्यांना धुतलेले मोजे वाळत घातलेले. राजर्षी शाहूंनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं, आणि ह्या गावात तालीम म्हणजे पेठेची इभ्रत झाली. पुढं तीच इभ्रत कुस्तीच्या लांगेतून फुटबॉलच्या जर्सीत आली. माझे आजोबा पैलवानकी केलेले. ते कधी फुटबॉल बघायला आले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कुस्तीत पडलेला माणूस पडलेला दिसतो, पाठीला माती लागते. अकरा जणांत कोण पडलं ते ठरवायला तुम्हाला रात्रभर बसावं लागतं. तेव्हा मला हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा. आता वाटतं, आम्ही रात्रभर बसतो ते खरंच तेवढ्यासाठी, मातीचा डाग कुणाच्या पाठीवर लावायचा हे ठरवायला. त्या दिवशी ती पाठ राइट बॅकची ठरली. पहिल्या हाफमध्ये दोन उघडे गोल घालवलेले आमचे फॉरवर्ड त्या रात्री आरामात झोपले असतील.

गेल्या काही वर्षांत कट्ट्याची एक सोय झाली आहे. बाहेरचे खेळाडू. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडू नोंदणी सुरू झाली की पेठेत दुसरं बोलणंच नसतं, कोण कुठं चाललाय, कुणाला काय कबूल केलंय, कोण रात्री कुणाच्या गाडीत दिसला. त्यातच परदेशी खेळाडूही येतात, बहुतेक आफ्रिकेतले. आमच्याकडं एक नायजेरियाचा पोरगा होता. पिठाच्या गिरणीच्या वर त्याची खोली. गिरणी चालू असली की त्याची खोली हादरायची, आणि तो खिडकीत उभा राहून खाली रांगेत डबे घेऊन थांबलेल्या बायकांकडं बघून हसायचा. मिसळीचा कट त्याला पहिल्या दिवशी सोसला नाही, महिन्याभरानं तो एक्स्ट्रा कट मागायला लागला. 'चल की भावा' आणि 'काय विषय' एवढी दोन वाक्यं त्याला यायची आणि कोल्हापुरात तेवढ्यावर भागतं. त्याच्याबद्दल बोलताना मात्र कट्ट्याची जीभ कुठंच अडत नव्हती. गोल मारला की डोक्यावर, नाही मारला की पायदळी. पैशाचा हिशोब काढायचा, खाण्याचा काढायचा, रंगाचाही काढायचा, आणि तो काढताना आपण काही वाईट बोलतोय असं कुणाला वाटायचं नाही. कारण सरळ होतं, त्याची आई आमच्या गल्लीतल्या मटणाच्या दुकानात रांगेला उभी नव्हती.

एका संध्याकाळी तो कट्ट्यावर बसून व्हिडिओ कॉलवर बोलत होता. बोलता बोलता त्यानं फोन आमच्याकडं फिरवला. पडद्यावर डोक्याला फुलाफुलाचा फडका बांधलेली एक जाडजूड बाई. आण्णांनी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. ती काहीतरी भरभर बोलली आणि हसली, ह्यानं मान खाली घातली, म्हणजे आई काय म्हणाली असेल ते कळलंच. पुढच्या मॅचला ह्याच पोरानं गोलपोस्टसमोरून बॉल आभाळात मारला, आणि गॅलरीत माझ्या शेजारचा, ज्याचं तोंड एरवी मॅच संपेपर्यंत मिटत नाही, तो उठला, तोंड उघडलं, आणि नुसतंच 'अरारारा' म्हणून खाली बसला. हे मी बघितलंय.

माझा भाचा मँचेस्टर युनायटेडचा. रात्री दीड वाजता जागा असतो, सकाळी कॉलेजला दांडी. त्याचं आणि त्याच्या ग्रुपचं बोलणं ऐकलं की मला हेवा वाटतो. त्यांचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ला आले, २०१३ ला गेले, तेरा वेळा लीग जिंकून गेले, आणि तेव्हापासून ह्या पोरांनी घरातल्या सोफ्यावर बसून मोयेसला काढलं, व्हॅन गालला काढलं, मोरिन्योला काढलं. फर्ग्युसन गेले तेव्हा भाचा अंगणवाडीत होता, पण 'सर अॅलेक्सच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य तो आण्णांच्या सुरात म्हणतो. कोण किती पगार घेतो ह्याला तोंडपाठ. कुणाला विकावं, कुणाला बेंचवर बसवावं, मॅनेजरनं तीन डिफेंडर खेळवावेत की चार, सगळं मोकळेपणानं. मोकळेपणा असणारच. मॅनेजर त्याला रंकाळ्यावर फिरायला आलेला भेटणार नाही.

आमचे कोच भेटतात. रोज. ते स्वतः आमच्या तालमीकडून हाफ खेळायचे, आता एका बँकेत आहेत, पाच वाजले की काउंटरवरचा पंखा बंद करून थेट मैदानावर. गळ्यात शिट्टी, पायात बँकेचेच बूट. मानधन म्हणून वर्षाच्या शेवटी जे पाकीट मिळतं त्यातले निम्मे ते पोरांच्या क्रेप बँडेजवर आधीच घालवून बसलेले असतात. त्यांना सोळा पोरं घेऊन बसावं लागतं आणि अकराजणांना खेळवावं लागतं, म्हणजे दर मॅचला पाच घरं त्यांच्यावर नाराज. एका घरात त्यांच्या मुलीचं शिकवणीला जाणं, दुसऱ्या घरातून त्यांना दूध येतं. परवा कट्ट्यावर विषय निघाला, कोच बदलायला पाहिजे, नव्या पद्धतीचा आणायला पाहिजे, पुण्या-मुंबईचा, लायसन्सवाला. सगळ्यांना पटलं. मग कोणीतरी विचारलं, सांगायचं कुणी त्यांना? तेव्हा लक्षात आलं, की आमच्यातल्या प्रत्येकाला घरी जाताना त्यांच्या दारावरून जावं लागतं. विषय बदलला. माझं स्वतःचं मत विचाराल तर कोच बदलावाच. डिफेन्समधून बॉल बाहेर कसा काढायचा हे ते शिकवत नाहीत, नुसतं 'तटव' म्हणून ओरडतात. आत वळणाऱ्या पोराला वळून पुढं काय करायचं हे कुणी सांगितलं असतं, तर ती खोड राहिली नसती, तिला खेळ म्हटलं असतं. हे मी इथं लिहितो, कारण ते वाचत नाहीत.

वर्ल्ड कप आला की आम्हाला दर चार वर्षांनी महिनाभर सुट्टी मिळते. तेव्हा पेठा अर्जेंटिना आणि ब्राझील होतात, चौकाचौकांत मेस्सी आणि नेमार दुमजली घरांपेक्षा उंच उभे राहतात. २०२२ ला ब्राझीलवाले क्रोएशियाकडून टायब्रेकरवर हरले तेव्हा त्यांच्या कटआउटपुढं जे घडलं ते रामायण वेगळंच. आणि १८ डिसेंबरच्या रात्री अर्जेंटिना-फ्रान्स फायनल, तीन-तीन बरोबरी, एम्बापेचे तीन गोल, मग टायब्रेकर, आणि चार-दोन होऊन मेस्सीच्या हातात कप आला तेव्हा फटाक्यांच्या धुरात समोरचा माणूस दिसत नव्हता. महिनाभर आम्ही पोटभर बोललो. नेमार नाटक्या आहे, फ्रान्सचा कोच घाबरट आहे. कुणाचं काही गेलं नाही, कुणाच्या घरचं दूध बंद झालं नाही. परक्याच्या पोराला बोलण्यात फार सुख असतं.

अपवाद एकच आठवतो. ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडं झाला, आणि दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारताच्या आघाडीला आपला अनिकेत जाधव. कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा पोरगा, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. तालमीतला टीव्ही बाहेर आणून कट्ट्यावर ठेवला होता. त्या संध्याकाळी पलीकडच्या पेठेतली माणसंसुद्धा, जी एरवी आमच्या चौकातून हेल्मेट न काढता जातात, गाड्या लावून थांबली होती. तीन-शून्य हरलो. तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध जॅक्सननं हेडरवर गोल केला, वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, आणि आम्ही एकमेकांच्या अंगावरून उतरायच्या आत कोलंबियानं दुसरा मारला. त्या दोन्ही रात्री कट्ट्यावर अनिकेतबद्दल वाकडा शब्द कुणी काढला नाही. आण्णा एकदाच पुटपुटले, "जरा लवकर सोडायला पाहिजे होता बॉल," आणि स्वतःच इकडंतिकडं बघितलं. शहरभर ज्याचे फ्लेक्स लागलेत, त्याचाही बाप याच शहरात रिक्षा चालवतो आणि उद्या आपण त्याच रिक्षात बसू शकतो, हे सगळ्यांच्या डोक्यात असणार. किंवा नुसता अभिमान असेल. दोन्हीत फरक करणं मला जमलेलं नाही.

राइट बॅकची आई मॅचला येत नाही. बायका तशा आमच्या गॅलरीत कमीच, आणि तिथं जे कानावर पडतं ते पोराच्या आईनं ऐकण्याजोगं नसतंच. ती घरी मोबाईलवर यूट्यूबचं लाइव्ह बघते. एकदा मी काही कामानं त्यांच्या घरी गेलो होतो, मामा मॅचला गेलेले, आणि मी नेमका त्या दिवशी उशीर झाल्यामुळं जावं की न जावं ह्या विचारात. तिनं पोळपाटाला टेकवून फोन उभा केला होता, भाकरी थापता थापता बघत होती. घर स्टेडियमपासून जवळ. लाइव्ह मागं असतं, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्यामुळं तिथं आधी खिडकीतून आवाज येतो, मग फोनवर चित्र. खिडकीतून एकदम मोठा गलका आला. तिचा हात भाकरीवर थांबला. गोल झाला हे कळलं, पण कुणाचा ते कळायला मार्ग नाही, कारण फोनमध्ये बॉल अजून सेंटरला होता, तिचा पोरगा अजून साइडलाइनला थ्रो घ्यायला चालला होता. तेवढा वेळ ती फोनकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिनं ती उलटली. मग फोनमधल्या पोरांनी गोल मारला, आमच्या. "आपलाच हाय," ती म्हणाली आणि पुढचा गोळा मळायला घेतला. मला तो अर्ध्या मिनिटाचा काळ फार लांब वाटला होता, तिला सवय असावी.

त्या 'बाहेर बसवा'नंतरच्या मॅचला कोचनी पोराला खरंच बाहेर बसवलं. कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणाले, बापाच्या शब्दाला मान दिला. दुसरे म्हणाले, कोचनी आधीच ठरवलं होतं, मामांनी फक्त त्यांची वाट मोकळी केली. बेंचवरचं पोरगं जर्सीवर ट्रॅकसूटचं जॅकेट घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून बसलं होतं, एप्रिलच्या उन्हात. मामा गॅलरीत नेहमीच्या जागी. आमच्या नव्या बॅकनं बॉल मिळाला की डोळे झाकून तटवला, प्रत्येक वेळी, आणि प्रत्येक वेळी तो समोरच्यांनाच मिळाला. शून्य-शून्य सुटली. बरी मॅच म्हणायची, पण बघवत नव्हती.

पुढं कधीतरी मामा मला गिरणीत भेटले, दोघंही डबे घेऊन. गिरणीच्या आवाजात माणूस जरा मोकळा होतो, कारण ऐकू येईलच असं नसतं. मी विचारलं, त्या दिवशी असं कसं म्हणालात, बाहेर बसवा म्हणून. त्यांनी पीठ उडालेल्या भुवया वर केल्या. "मग काय म्हणायचं हुतं? खेळव म्हणू?" एवढंच. मी घरी येऊन त्या वाक्याला दोन्ही बाजूंनी उलटंपालटं करून बघितलं. माझ्या मते त्यांना खेळवच म्हणायचं होतं. पण कट्ट्यावरच्या कुठल्याही माणसानं ते म्हटलं असतं तर चाललं असतं, त्यांनी म्हटलेलं चाललं नसतं. आणि आम्ही, म्हणू शकणारे, त्या वेळी बशीकडं बघत होतो.

ह्या हंगामाच्या नोंदणीत पोरगं दुसऱ्या तालमीकडं गेलं. सही करून आल्यावर त्यानं आमच्या तालमीत येऊन मारुतीला नमस्कार केला, कोचच्या पाया पडला, जाळीत अडकवलेलं स्वतःचं शिनगार्ड काढून घेतलं. कट्ट्यावर गद्दार हा शब्द आला, पण हळू आवाजात, आणि आल्या आल्या विझलाही. कारण मामा अजून येतात. त्यांची तालीम ती आमची, त्यांच्या बापाची होती तीच. पोराची कुठली का असेना. नव्या संघात पोरगं चांगलं खेळायलंय म्हणतात, तिथल्या कोचनी त्याला बॅकवरून काढून मधे आणलंय, आणि मधे आत वळायला मोकळीक असते. ही बातमी मामांनी सांगितली नाही. क्लिप दाखवणाऱ्या पोरांनी सांगितली, मामा चहा पीत असताना, आणि त्यांनी मान वर केली नाही.

आता येत्या रविवारी आमची मॅच त्याच संघाबरोबर आहे, चारची. गेले दोन दिवस कट्ट्यावर हा विषय शिजतोय, पण मामा आले की ताटावर झाकण पडतं. त्यांचा स्ट्रायकर कसा धरायचा ते बोलतात, गोलकीपरच्या गुडघ्याचं बोलतात, मधल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. काल रात्री कोचही येऊन बसले होते, वहीत अकरा टिंबं काढत. मामांनी नेहमीप्रमाणं चहा बशीत ओतला, बशी अर्धी झाली आणि म्हणाले, "त्याच्या पुढं नगा उभं करू माणूस. आतल्या अंगाला करा. बॉल मिळाला की त्यो आतच वळतोय. पाळण्यात असल्यापास्नं वळतोय त्यो." कोचनी पेन थांबवलं. मामा उठले, सकाळची पाळी आहे म्हणाले, आणि गेले.

ते कोपऱ्यावरून दिसेनासे झाल्यावर जो गोंधळ उडाला तो साडेअकरापर्यंत चालू होता. पोरं म्हणाली, मामा म्हणजे तालमीचा खरा माणूस, पोरापेक्षा पेठ मोठी. पुण्यावरून आलेले ते गृहस्थ म्हणाले, तुम्ही सगळे खुळे आहात, बापानं पोराला आधीच सांगून ठेवलं असणार की ह्या खेपेला बाहेर वळ, आतलं अंग मी बांधून ठेवलंय. आण्णांना दोन्ही पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पोराला काही सांगायची गरजच नाही, बाप इथं बोलला ते उद्या सकाळपर्यंत त्या पेठेत पोचतंयच, बापालाही ते माहीत आहे. मग त्याला नेमकं पोचवायचं काय होतं, ह्यावर पुन्हा तीन तट. आमचे कोच मात्र वही मिटून बसले होते. आठ नंबरला आतल्या अंगाला उभं करायचं तर सत्तराव्या मिनिटानंतर कोण, हे त्यांना सुचत नव्हतं, आणि त्याची बायको माहेराहून कधी परत येणार आहे हे विचारायला त्यांनी मला बाजूला घेतलं.